चांगल्या गुणांआड दडलेला ताण

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींच्या ताणाविषयी बोलणे निघाले की "पण निकालात तर मुलीच पुढे असतात" हे उत्तर हमखास मिळते. ते खोटे नाही. डॅनियल आणि सुझन व्हॉयर यांनी २०१४ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गुणांत मुली सरासरीने सरस ठरल्या. मात्र परीक्षेची धास्ती मोजणाऱ्या प्रश्नावल्यांतही मुलींचेच आकडे सरासरीने जास्त येतात. गुण घसरेपर्यंत या धास्तीची दखल कोणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

मी शिकवते, त्यामुळे हे जवळून पाहते. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचे अभिनंदन करावे, तर ती "पेपर सोपा होता, मॅडम" म्हणते आणि त्याच दमात पुढच्या सत्रात कसे होईल याची काळजी बोलून दाखवते. यात केवळ विनय असतो असे मला वाटत नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांविषयी हेच नोंदवले होते, की पदव्या हाती असूनही आपण पात्र नाही आणि कधीतरी उघडे पडू, असे त्यांना सतत वाटत असे.

"थोडा ताण हवाच" असे म्हणणाऱ्यांनी तो कोणत्या कामासाठी हवा, हेही सांगावे. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या उंदरांवरील प्रयोगांत सोपे काम विजेच्या तीव्र धक्क्याने लवकर शिकले गेले, अवघड काम मात्र त्याच तीव्रतेला बिघडले. माणसाचेही बरेचसे तसेच होते. पाठ केलेली व्याख्या घाबरलेल्या मनालाही आठवते, पण अनोळखी गणितात आधीची पायरी लक्षात ठेवून पुढची मांडायची असते आणि नेमकी तीच जागा चिंता अडवून बसते. त्यात रात्रभर जागरण झाले, तर वाचलेले पक्के करणारी झोपही जाते.

पाळीच्या वेदना आणि घरकामाचा जास्तीचा वाटा यांची नोंद तर कोणत्याच गुणपत्रिकेत नसते.

म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांनी नापास होणाऱ्यांइतकेच पहिल्या येणाऱ्या मुलींनाही बोलावून झोप, जेवण आणि घरची परिस्थिती विचारावी, असा माझा आग्रह आहे. विभागांनी अंतर्गत परीक्षा आणि प्रकल्पांच्या तारखा एकाच आठवड्यात न कोंबता परस्परांशी बोलून ठरवाव्यात. त्यासाठी खर्चही लागत नाही.