सत्कार नको, तारीख द्या

आज दुपारी क्रेडिट सोसायटीत कॅश मोजत बसले होते, तेवढ्यात फोन आला. साहेबांच्या वाढदिवसाला महारक्तदान शिबिर आहे. "वहिनी, तुम्ही बारक्याला घेऊन स्टेजवर यायचं. साहेबांच्या हस्ते त्याला फळांची करंडी देऊया, एक फोटो काढूया. लोकांना प्रेरणा मिळते ओ." मी म्हटलं, बघते. काउंटरवर माणसं खोळंबली होती, तिथं काय भांडणार? पण तेव्हापासून डोकं फिरलंय. आता दोन्ही पोरं झोपलीत, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर लांबू दे.

नवीन ओळखीच्या लोकांसाठी सांगते. आमच्या बारक्याला थॅलेसेमिया मेजर आहे. चार वर्षांचा आहे. त्याच्या अंगात तांबड्या पेशी धड बनत नाहीत, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. आठ महिन्यांचा होता तेव्हा कळलं. पोट टम्म फुगलेलं, तोंड पांढरंफटक, आणि आम्ही समजायलोय दात येत असतील. हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊच्या खाली जायच्या आत रक्त मिळत गेलं तर ही मुलं शाळेत जातात, वाढतात, मार खाण्याइतका दंगाही करतात. आमचा तर भिंतीवर चढतो. सगळं एकाच गोष्टीवर आहे, ठरलेल्या दिवशी पिशवी मिळाली पाहिजे.

आणि ती कशी मिळत नाही ते ऐका.

गेल्या वर्षी बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक होऊन थोडे दिवस झाले होते. त्याआधी आमच्या बाजूला शिबिरांची नुसती रांग लागली होती. कुणाचा वाढदिवस, कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन, कुठल्या संघटनेचं काय. इकडच्यांनी दोनशे बाटल्या केल्या की तिकडच्यांना अडीचशे पाहिजेत. मराठी काय आणि कन्नड काय, या बाबतीत सगळे सख्खे भाऊ. आणि आमची तारीख आली, मी बारक्याला घेऊन गेले, तर खिडकीतून उत्तर, "बी पॉझिटिव्ह नाही. डोनर घेऊन या."

बी पॉझिटिव्ह! दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. बेळगावात डोळे मिटून दगड मारला तर बी पॉझिटिव्ह माणसालाच लागेल.

कुठल्या रक्तपेढीत ते लिहीत नाही, कारण परत त्याच खिडकीवर जायचंय. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत द्यायचं हे केंद्राचं धोरण आहे, आणि बदली डोनर मागायची पद्धत बंद करायची हे २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातच आहे. मला तोंडपाठ आहे सगळं. पण फ्रिजच रिकामा असेल तर धोरण काय चढवायचं पोराला?

बाकावर बसून फोन लावायला सुरुवात केली. बारका मांडीवर डोकं टाकून पडलेला. रक्त उतरलं की तो असा गप्प होतो, जिना चढत नाही, जेवण मागत नाही, खेळण्याला हात लावत नाही. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना एकेकाला फोन केला. चांगली पोरं आहेत, माझ्या दिरांसारखी. एकेकाचं उत्तर एकच, "वहिनी, आत्ताच दिलंय की ओ, शिबिरात!" एकानं तर पुरावा म्हणून सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, वर साहेबांचं तोंड. पुरुषानं एकदा रक्त दिलं की पुढं तीन महिने देता येत नाही, बाईला चार महिने. म्हणजे एका आठवड्यात सगळी गल्लीच्या गल्ली बाद. ऐन मे महिन्यात! कॉलेजं बंद, पोरं गावाला, ऊन मी म्हणतंय, त्यामुळं एरवीच रक्ताची बोंब असते.

कुणी म्हणेल, मग जमलेलं ते सगळं रक्त गेलं कुठं? अहो, ते काय लोणचं आहे का बरणीत भरून ठेवायला? तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ दिवस टिकतात, पिशवीत वेगळं द्रावण असेल तर फार तर ४२. प्लेटलेट पाचच दिवस. त्यात आमच्या मुलांना शक्यतो ताजं, दोन आठवड्यांच्या आतलं रक्त देतात, म्हणजे चढवलेल्या पेशी अंगात जास्त दिवस काम करतात. अपघात असतात, बाळंतपणं असतात, ऑपरेशनं असतात, तिकडं ते जातंच आणि जायलाच पाहिजे. पण एकाच आठवड्यात डोंगराएवढं गोळा करायचं आणि पुढचे अडीच महिने सगळ्यांनी हात वर करायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. याला वाढदिवस म्हणतात.

"तुम्ही स्वतः का देत नाही?" हा प्रश्न मला तोंडावर विचारलेला आहे, एका शिकलेल्या बाईनं. अक्का, मी आणि आमचे हे, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे अर्धा दोष अंगात, आजार नाही. माझं हिमोग्लोबिन जन्मात अकराच्या वर गेलेलं नाही. रक्त द्यायला साडेबारा लागतं. आणि समजा असतं, तरी आई-बापाचं रक्त लेकराला सहसा देत नाहीत. उद्या बोनमॅरो, म्हणजे रक्त बनवणारा हाडातला मगज, बदलायची वेळ आली तर घरच्यांचं रक्त आधी चढवलेलं असणं अडचणीचं ठरू शकतं. थोरलीचा बोनमॅरो त्याच्याशी जुळतो का तेही बघून झालं. सख्ख्या भावंडाचा जुळायची शक्यता चारात एक. नाही जुळला. जुळला असता तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते, त्याचे कागदसुद्धा आम्ही गोळा करायला लागलो होतो. असो. तो विषय मी रात्री उकरत नाही.

तर त्या दिवशी. फोन करून करून मोबाइलची बॅटरी संपत आली. हे उद्यमबागला फौंड्रीत, फोन लॉकरमध्ये. शेवटी वडगावहून एकजण आला. कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीचा, पॉवरलूमवर काम करणारा. डोक्यात, भुवयांत कापसाची तुसं तशीच. शिबिराच्या दिवशी मालकानं सोडलं नाही म्हणून याचं रक्त शिल्लक! त्यानं बारक्याकडं बघून विचारलं, "अक्का, हुडुग्याचं वय काय?" हुडुगा म्हणजे कन्नडात पोरगा. सांगितलं. मान हलवली आणि आत गेला. बाहेर आल्यावर मी रिक्षाचे पैसे पुढं केले, घेतले नाहीत. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाला, "मागावर साडी अर्धी आहे, जातो." नगावर पैसे मिळतात त्यांना. थांबला तेवढा वेळ त्याच्याच खिशातून गेला.

त्याचा फोटो माझ्याकडं नाही. त्याचा सत्कारही कुणी केला नाही.

आणि हे लक्षात घ्या, डोनर आला म्हणजे लगेच रक्त लागलं असं नसतं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, सगळं तपासायचं, पेशी वेगळ्या करायच्या, मग क्रॉसमॅच, म्हणजे पोराच्या रक्ताशी जुळवून बघायचं. आम्हाला पिशवी मिळाली दुसऱ्या दिवशी. ती रात्र बारक्यानं कशी काढली ते मी लिहिणार नाही.

फळांच्या करंडीवरून आठवलं. या मुलाला बघायला येणारा प्रत्येक माणूस डाळिंब, बीट, खजूर घेऊन येतो. "रक्त वाढतंय बघा." अहो, आमचा शत्रूच लोह आहे! रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि ते बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते जाऊन बसतं काळजात, लिव्हरमध्ये, वाढीच्या ग्रंथींत. ते काढायला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, पाण्यात विरघळवून. चव अशी की तो ओठ शिवल्यासारखे घट्ट मिटतो. रोज सकाळी आमच्या घरात ती एक लढाई असते, आणि तुम्ही वर बीटाचा रस सांगता. प्रेमानं सांगता हे कळतं मला. माझ्या सासूबाईंनी सुद्धा गूळ-शेंगदाण्याचे लाडू लपवून दिले होते नातवाला. त्यांना काय रागवणार! डब्यातले लाडू मीच खाल्ले, मला चालतात काय नाही ते न विचारताच.

पण एक गोष्ट प्रेमाची नव्हती, ती सांगते. निदान झालं तेव्हा घरातल्याच एकीनं म्हटलं, "आमच्याकडं असलं कधी नव्हतं, हे आईकडून आलंय." दोघांकडून आल्याशिवाय मेजर होतच नाही! आई-बाप दोघं मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक मूल मेजर व्हायची शक्यता. मायनर माणसाला आपण मायनर आहोत याचा पत्ताही नसतो, नुसतं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या खात बसतो. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी, एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजायचा. साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की कळतं. लग्न मोडायचं असं कुणी म्हणत नाही. दोघं मायनर निघाले तरी गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी होते. पण सोन्याचा तोळा आणि मांड्यांची ऑर्डर ठरवायला दोन महिने असतात, एका सुईला वेळ नसतो.

सरकारांबद्दल लिहू नको म्हणतात हे. थोडंच लिहिते. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, तर इकडच्या कर्नाटक सरकारचा आक्षेप. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्हीकडच्या बसा बंद पडल्या, तेव्हा सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीहून रक्त द्यायला निघालेला माझ्या भावाचा दोस्त बाईकवरून आला, रस्त्यात काही होईल का या धाकात. शिनोळी काय लांब आहे? भाषेसाठी मीही एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवादिवशी, काळी फीत लावते, त्याबद्दल मला कुणी शिकवू नये. पण वडगावच्या त्या माणसानं "हुडुग्याचं वय काय" विचारलं तेव्हा मी काय फीत दाखवणार होते त्याला?

आता कमेंटमध्ये कुणी म्हणायच्या आत मीच म्हणते. हो, शिबिरं नसती तर हाल याहून वाईट झाले असते. हो, पहिल्यांदा रक्त देणारी पोरं शिबिरातच तयार होतात. झालं? मान्य.

आणि गल्लीतल्या पोरांनो, तुमच्यावर राग नाही रे माझा. गणपतीत याच बारक्याला तुम्ही खांद्यावर घेऊन मिरवलंय, कॅन्युलाच्या सुईचा हात दुखायला नको म्हणून ढोल त्या बाजूनं वाजवू दिला नाही. त्या दिवशी फोनवर तुमच्या आवाजात लाज होती, मला ऐकू आली. चूक तुमची नाहीच. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही की सगळ्यांनी एकाच दिवशी देण्यापेक्षा वाटून दिलेलं बरं. ज्यांनी सांगायचं त्यांना आकडा पाहिजे होता, बॅनरवर लिहायला.

उद्या शिबिराचं बोलावणं करणाऱ्या त्या माणसाला फोन करून सांगणार आहे की आम्ही स्टेजवर येणार नाही. आमचं पोर प्रेरणा द्यायला जन्माला आलेलं नाही. त्याला त्या दिवशी गोळी घेऊन, जेवून, भावली-गाड्या पसरून दंगा करायचाय. त्याऐवजी साहेबांनी एक करावं. शिबिरात नाव घालणाऱ्यांतल्या निम्म्यांना परत पाठवावं. खरंच परत पाठवावं, तारीख देऊन. काहींना जूनमधली, काहींना जुलैमधली, काहींना दिवाळीच्या आठवड्यातली, कारण दिवाळीतही हीच बोंब असते. रक्तपेढीला विचारून ग्रुपवार यादी करावी. बॅनरवरचा आकडा निम्मा होईल. होऊ दे. फोटो मी स्वतः काढून देते, पाहिजे तर.

आमची पुढची तारीख या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. बी पॉझिटिव्ह, वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, आणि गेल्या तीन महिन्यांत (बायकांनी चार) रक्त दिलेलं नाही, अशांनी इनबॉक्समध्ये फक्त नाव आणि शेवटचं कधी दिलं ती तारीख टाका. मी वहीत लिहून ठेवतेय, कुणाला कधी बोलवायचं ते. दुसरा ग्रुप असला तरी टाका, त्या बाकावर आमच्या शेजारी बसणाऱ्या बाकीच्या आयांना नंबर देते. बीटाचा रस कुणीही सुचवू नये.