‘विचारू नका, डोक्यात भरेल’ म्हणे!

दहावीची परीक्षा जवळ आली की नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. ‘पोरगं गप्प झालं तर मरणाबिरणाचं विचारू नका, नसलेलं डोक्यात भरतं. मोबाइल काढून घ्या, पहाटे चारला उठवा. गोळ्या तर नकोच, एकदा लागल्या की सुटत नाहीत.’

यातलं पहिलंच वाक्य सगळ्यांत घातक. विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बिघडतं ते विचारण्याच्या पद्धतीमुळे. ‘तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ यात उत्तर आधीच दिलेलं आहे. पोरगं ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. समोर बसवून उलटतपासणी केली तरी तेच. संत्री सोलता सोलता, शेजारी बसून सरळ विचारा: ‘दोन आठवडे झाले, नीट जेवत नाहीस, सारखा चिडतोस. जीव द्यावा असं मनात येतं का?’ मग गप्प राहा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा, हवं तर.

‘हो’ आलं तर ‘तुला माझी शपथ’ म्हणू नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. कधीपासून, कसं, काही ठरवलंय का, तेही विचारा. ठरवलं असेल तर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात टाकायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

चिडणं म्हणजे माज, असं समजून अनेक घरं फसतात. या वयात नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसू शकतं.

पहाटे चारचं गणित तर साधं आहे. क्लास नऊला सुटला, जेवून झोपायला अकरा वाजले, म्हणजे झोप पाच तास. तेरा ते अठरा वयाला लागते आठ ते दहा तासांची, आणि या वयात झोप मुळातच उशिरा येते. मोबाइल हिसकावून भांडणच वाढतं. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा. सगळ्यांचे, बाबांचाही.

गोळ्यांचं म्हणाल तर, सौम्य त्रासात आधी समुपदेशन असतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. गुण यायला काही आठवडे जातात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून परस्पर बंद केल्या की त्रास उलटतो. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले, तर लगेच कळवा.

‘पागलखाना चौक’ असं नाव रुळलेल्या शहरात मानसोपचाराकडे वळताना पालकांचा पाय अडखळणारच. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. घरूनच बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोप, जेवण, शाळेच्या दांड्या कागदावर लिहून न्या, आणि दहा मिनिटं पोराला आत एकटं बसू द्या.