विकणे नाही, देणे आहे

पोपट देऊन टाकायचं ठरलंय ना? मग सगळ्यात आधी फोटो. तो मानेच्या वरचाच काढा. आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट स्वतःची पिसं उपटायला लागला की छाती, पोट, मांड्या सगळं उघडं पडतं, पण डोकं शाबूत राहतं, कारण तिथवर त्याची चोच पोचत नाही. ही निसर्गाने खास तुमच्यासाठी केलेली सोय समजा. वरून करडा रुबाब, गोल डोळा, काय देखणं ध्यान! खालचा सोललेल्या कोंबडीसारखा भाग घेणाऱ्याला घरी नेल्यावर दिसेलच.

मजकूर थोडक्यात लिहा. ‘बोलका, माणसाळलेला, पिंजरा फुकट.’ कारण विचारलं तर ‘मुलाला ॲलर्जी’ म्हणा, सर्टिफिकेट कुणी मागत नाही. खरं कारण सांगत बसू नका. ते फार लांबतं, शिवाय त्यात तुम्ही येता. 2020 मध्ये घरादाराला कोंडून घातलं होतं तेव्हा हौसेने आणला, मीटिंगभर खांद्यावर बसवला, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ हे तुमच्याच आवाजात म्हणायला लागला तेव्हा सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. मग इंदुरातल्या विजयनगरचं ऑफिस उघडलं, मुलांची शाळा, क्लास, आणि जंगलात थव्याने राहणाऱ्या पाखराच्या वाट्याला सकाळी नऊ ते रात्री आठ एक भिंत आली. ऑफव्हाइट. तुम्ही रोज निघताना ‘आलोच हं’ म्हणता. त्याला ‘आलोच’चा अर्थ अकरा तास असतो हे कळत नाही, पाखरूच ते.

डॉक्टरकडे अजिबात नेऊ नका. चांगला भेटला तर पंचाईत. तो आधी रक्त बघेल, संसर्ग आहे का, यकृत ठीक आहे का, पिंजऱ्याच्या जाळीवरचं जस्त पोटात गेलंय का, असं एकेक बाद करत जाईल आणि शेवटी तुमच्याकडे वळेल. खायला काय घालता? सकाळी सूर्यफुलाच्या बिया, संध्याकाळी सूर्यफुलाच्या बिया, रविवारी पोह्यावरची शेव, कारण इंदुरात राहून शेव न खाणाऱ्या जिवावर आपला विश्वास नसतो. (बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व नावाला, पण त्या तो आवडीने खातो ना!) आंघोळ? दमट जंगलातला पक्षी, वैशाखातली आपली कोरडी हवा. पण पाणी मारलं तर सोफा भिजतो. झोप? त्याला दहा-बारा तास अंधार लागतो. पिंजरा टीव्हीशेजारी आहे, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून मालपुवे चापून मंडळी रात्री साडेबाराला परततात तेव्हा ट्यूब लावल्याशिवाय चप्पल सापडत नाही.

बरं, एक गंमत पाहिलीत? शांत बसला की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पीस उपटलं की चारी खोल्यांतून माणसं धावतात, ‘अरे नको रे राजा!’ त्याने हिशेब चोख मांडलाय: एक पीस, एक माणूस. आता छातीवरची संपत आली म्हणून तो पाठीकडे वळलाय. यालाच तुम्ही ‘विचित्र सवय’ म्हणता. आणि ती पिसं ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, हा प्रश्न मात्र तुम्हाला रोज छळतो. साहजिक आहे, 2017 पासून स्वच्छतेत अव्वल येणाऱ्या शहराचे नागरिक तुम्ही.

कागदांकडे दुर्लक्ष करा. अशा परदेशी पक्ष्याची सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंद लागते, तो दुसऱ्याला देताना तेही कळवावं लागतं, 2024 पासून तसे नियम आहेत. पण पोपटाला कसली आली नोंद! आणि याच्या जागी ‘आपला साधा हिरवा राघू’ आणायचा बेत असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवताच येत नाही, हेही कुणाला सांगू नका. आपल्या आजोळीही एक होताच की.

कुणीच घेत नसेल तर शेजारचे भिया (इंदुरी भैया) सुचवतील, ‘रालामंडलच्या जंगलात सोडून दो, आझाद हो जाएगा.’ कल्पना उदात्त आहे. उघड्या अंगाने, आयुष्यात कधी स्वतःचं अन्न न शोधलेला, 40-50 वर्षं जगू शकणारा पक्षी त्या स्वातंत्र्यात दोन दिवस तरी काढेल. तुमचं मन मात्र कायमचं हलकं होईल.

पण काळजी नको, गिऱ्हाईक मिळेल. सुदामानगरातले एखादे निवृत्त काका-काकू येतील, मुलगा पुण्याला, घर रिकामं. पिंजऱ्यावर चादर टाकूनच हातात द्या. ‘थोडा मोल्टिंगमध्ये आहे’ म्हणा, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येतायत; इंग्रजी शब्दाला ज्येष्ठ मंडळी उलट प्रश्न करत नाहीत. उपटून उपटून मुळंच दुखावली की काही पिसं पुन्हा येतच नाहीत, हे त्यांना यथावकाश कळेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकूंचा फोन येईल. ‘अहो, हा सकाळी नऊ वाजले की दाराकडे तोंड करून बसतो. काय देऊ याला?’ तुम्ही उत्तर जुळवत असतानाच मागून, हुबेहूब तुमच्या आवाजात, ऐकू येईल: ‘हॅलो, आवाज येतोय का?’

नाही येत म्हणा, आणि फोन ठेवा.