दोष एकट्या बर्लिंगचा नाही

प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या इंग्रजी नाटकावरील या लेखात ईव्हा स्मिथ या गरीब कामगार मुलीच्या मृत्यूचे खापर मुख्यतः कारखानदार आर्थर बर्लिंगवर फोडले आहे, ते मला अपुरे वाटते. आठवड्याची सरासरी मजुरी साडेबावीस शिलिंगांवरून २५ व्हावी म्हणून संप करणाऱ्या ईव्हाला तो कामावरून काढतो, हे निर्दयच. पण तो निदान हिशेब तरी उघड मांडतो. त्याची पत्नी मिसेस बर्लिंग मात्र धर्मादाय संस्थेत बसून गरोदर ईव्हाला मदत नाकारतात आणि मुलाच्या बापालाच जबाबदार धरा असे बजावताना आपण स्वतःच्या मुलावर, एरिकवरच शिक्षा ओढवून घेत आहोत, याची त्यांना कल्पनाही नसते. लायक गरीब कोण हे ठरवण्याचा तो अधिकार मला अधिक भयंकर वाटतो. आम्हां ठाणेकरांना तो परका नाही: घरकामाच्या ताईंनी पगारवाढ मागितली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी मिळून दर बांधून घेतल्याचे मी पाहिले आहे, आणि त्याच ग्रुपवर (योगायोग नव्हे) दिवाळीत जुन्या कपड्यांच्या दानाचे फोटोही येतात. नाटकात या मृत्यूची चौकशी करायला घरी आलेला इन्स्पेक्टर तोतया असावा असे कळताच बर्लिंग दांपत्य सुटकेचा निःश्वास टाकते, त्यांची मुले शीला आणि एरिक मात्र टाकू शकत नाहीत. या भेदावर लेखात एकही वाक्य नाही.