वर्गात माइंडफुलनेस आणताय? आधी फ्लेक्स छापून घ्या

तर सर, मॅडम, उद्यापासून रोज पहिल्या तासाला पाच मिनिटं माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायचं. वरून आलंय म्हटल्यावर करायचंच. टेन्शन घेऊ नका, ते घालवायलाच तर हे आलंय.

पहिलं काम फ्लेक्सचं. पोरं काय, रोजच येतात, फ्लेक्स मात्र वेळेत छापून घ्यावा लागतो. मग साठ पोरांना डोळे मिटायला सांगा, फोटो काढा आणि लोकेशनसकट ग्रुपवर टाका. तुम्ही मात्र डोळे मिटू नका, फोटो कोण काढणार मग?

कुणी म्हणेल, अहो परिपाठात दोन मिनिटं मौन होतंच की. होतं, पण त्याला ट्रेनिंग नव्हतं, पीपीटी नव्हती, चहा-बिस्किट नव्हतं. शिवाय आपल्याकडचंच ध्यान 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी आठ आठवड्यांच्या कोर्सात बसवलं आणि आता ते तिकडून इंग्रजी नाव लावून परत आलंय, म्हणजे मान द्यायलाच पाहिजे. दिल्लीच्या सरकारी शाळांत तर 2018 पासून हॅपिनेसचा वेगळा तासच होता, आपण निदान पाच मिनिटं तरी खूश राहू.

त्या कोर्सात एक मनुका हातात घेऊन बघायची, हुंगायची, मग सावकाश चावायची असते. मनुका परवडत नाहीत, सोलापुरात आहोत, भाजलेले शेंगदाणे घ्या. मी घेतले. म्हटलं, दाण्याकडे नीट बघा, साल कसंय, वास कसा येतोय... तोवर तिसऱ्या बाकावरचा म्हणतो, "बाई, माझा संपला की, अजून एक द्या." शेजारचा त्याला, "काय बे, बघायला दिलाय, खायला नाय." एवढं बोलून ह्यानं पण तोंडात टाकला. सकाळी घरातनं नुसता चहा पिऊन आलेलं पोर दाण्याकडे किती वेळ बघत बसेल, हे पीपीटीत नव्हतं.

एप्रिलचं ऊन चाळिशीच्या वर, पत्र्याचं छत, एकच पंखा आणि तोही टकटक करतो. हरकत नाही, त्या टकटकीवरच लक्ष केंद्रित करायला लावा, पंखा दुरुस्तीचा अर्ज करण्यापेक्षा सोपं पडतं.

ब्रिटनमध्ये म्हणे 85 शाळांत, आठ हजारांवर पोरांवर हाच प्रयोग केला, 2022 मध्ये निष्कर्ष आले, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही आणि बरीच पोरं घरी सराव करतच नव्हती. हे स्टाफरूममध्ये बोलू नका. आपल्याकडे फायदा होतोच, रिपोर्टमध्ये तसा रकाना आहे आणि तो रिकामा सोडून चालत नाही.

आणि खरं सांगू, काल मलाही पटलं. पोरं डोळे मिटून बसलेली, मी म्हटलं, दूरचा आवाज ऐका. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरची एक मुलगी, आई विडी वळते, पाण्याचं सगळं हिच्याकडे, तिचे कान एकदम टवकारले. शाळेमागच्या गल्लीतला नळ खाकरत होता, पाणी यायच्या आधी हवा सोडतो ना, तसा. चार दिवसांनी येणारं पाणी. "बाई, पाणी आलं, जाऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता दप्तर तिथंच टाकून गेली, तिच्यामागं सात-आठ जण.

मी रकान्यात लिहिलं : विद्यार्थ्यांची श्रवण-एकाग्रता उत्तम. फोटो तेवढा हुकला.