तीन वर्षं वॉर्ड सांभाळला, तरी म्हणे एक्स्पिरियन्स नाही

माझ्या बहिणीची मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, पास होऊन आठ महिने झालेत आणि अजून तिला पहिली नोकरी नाहीये. परवा पुण्याला इंटरव्ह्यू देऊन परत येताना एसटीतूनच फोन केला, म्हणाली मावशी, परत तेच म्हणले बघ, एक वर्षाचा एक्स्पिरियन्स घेऊन ये. आणि गप्पच बसली, नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मी स्वतः सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, तरी तिला काय सांगावं सुचेना. म्हणून लिहितेय, जरा लांबेल, पण वाचा.

एक्स्पिरियन्स म्हणजे नक्की काय हो? माझ्याच वॉर्डाचं सांगते. नाईटला पन्नासच्या आसपास पेशंट, मी एकटी, आणि सोबत ट्रेनिंगच्या दोन पोरी. सलाईन बदलणं, ताप-नाडी-श्वासाचा चार्ट, बीपी, पेशंटच्या पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली त्याची नोंद, रात्री दोनला सिझरच्या बाईला किती ब्लीडिंग होतंय ते बघणं, म्हाताऱ्या माणसाला कूस बदलून देणं, निम्म्याहून जास्त काम त्याच करतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणात जनरल वॉर्डला पाच पेशंटमागं एक नर्स सांगितलीय, टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागं एक, आम्ही हे पेपरात लिहून मार्क मिळवलेत. प्रत्यक्षात जेवढ्या नर्स कमी पडतात तेवढ्या जागी या पोरी उभ्या असतात, बिनपगारी, उलट कॉलेजला फी भरून. माझ्या भाचीच्या केस बुकात, म्हणजे ट्रेनिंगमधल्या कामाच्या नोंदवहीत, वीस डिलिव्हऱ्यांच्या नोंदी आहेत, प्रत्येकीखाली सही आहे. आणि ज्या दिवशी रिझल्ट लागतो त्या दिवसापासून हीच पोरगी फ्रेशर. कालपर्यंत तिच्याशिवाय वॉर्ड चालत नव्हता ना?

त्यात कागदांचे महिने वेगळेच. आधी परीक्षा मंडळाचं सर्टिफिकेट, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, तो नंबर हातात नसला की कुणी दारात उभं करत नाही, आणि नंबर येईपर्यंत घरी बसलात तर पुढचा इंटरव्ह्यूवाला विचारणार की एवढा गॅप का.

बहिणीनं फीसाठी दोन म्हशी विकल्या, बचत गटाचं कर्ज अजून फिटतंय. आणि पोरीला ऑफर काय आली, तर तालुक्याच्या एका वीस बेडच्या दवाखान्यात सात हजार, बारा तासांची ड्युटी, आणि ओरिजिनल मार्कशीट, सर्टिफिकेट त्यांच्याकडं जमा करायचं, दोन वर्षं सोडून जायचं नाही. मीच तिला नको म्हणलं. पोरींनो, पगार कमी असला तरी एक वेळ विचार करा, पण ओरिजिनल कागद कुणाच्या कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि घरी घेऊन या.

त्याच दवाखान्यात तिला ज्या तीन सिस्टर दिसल्या त्या बारावी झालेल्या, तिथंच सहा महिन्यांत इंजेक्शन मारायला शिकलेल्या. त्या पोरींवर माझा अजिबात राग नाही, त्यांच्याही घरी चूल पेटायची असते. पण पेशंटचे नातेवाईक पांढरा ड्रेस बघून सिस्टर म्हणतात, त्यांना वाटतं ही शिकलेलीच असणार, आणि खरी शिकलेली बाहेर फाईल घेऊन बसलेली. नोकऱ्या नाहीत असं नाहीये, जागा आहेत, तिथं शिकलेली नर्स नकोय कारण तिला पगार द्यावा लागतो.

पगाराचं म्हणाल तर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर केंद्रानं कमिटी नेमली होती, तिनं स्पष्ट लिहिलंय की पन्नास बेडपेक्षा लहान दवाखान्यातसुद्धा नर्सला २० हजारांपेक्षा कमी देऊ नका आणि २०० बेडच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार द्या. केरळच्या नर्सेसनी संप केले, भांडल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला किमान २० हजारांचं नोटिफिकेशन काढावं लागलं. आणि इथं सात हजार!

सरकारी भरतीची वाट बघायची तर पोरी लायब्ररीत बसून सरळसेवेचा, एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेचा अभ्यास करतात, जाहिरात कधी येईल याचा नेम नाही. मधल्या काळात कंत्राटी. कोविडमध्ये जम्बो सेंटरला याच पोरी पीपीई किट घालून उभ्या होत्या, सेंटर बंद झाली तशा घरी. २०२२ ला आम्ही संपावर गेलो तो याच कंत्राटी भरतीच्या विरोधात.

आता एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करते. नवीन पोरीला पहिल्या दिवशी आयसीयूत एकटं सोडता येत नाही, हॉस्पिटलवाल्यांची भीती खोटी नाहीये. माझा पहिला महिना आठवतो. एका काकांना इन्सुलिन द्यायचं होतं, वायल म्हणजे औषधाची बाटली एका मिलीत १०० युनिटची आणि मी घाईत सिरिंज उचलली लाल टोपीची, म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. तसंच भरलं असतं तर अडीच पट डोस गेला असता. इन्चार्ज सिस्टर मागंच उभ्या होत्या, ओरडल्या नाहीत, फक्त माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, वायलवरचं मोठ्यानं वाच, आता सिरिंजवरचं वाच. मी दोन्ही वाचलं आणि माझे हात कापायला लागले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी इन्सुलिन कधी मनातल्या मनात वाचलेलं नाही. एक्स्पिरियन्स असाच येतो ना, कुणीतरी मागं उभं राहिल्यामुळं? मग तीन महिने सिनियरच्या हाताखाली ठेवा, पूर्ण पगारावर ठेवा, आणि मग वॉर्ड द्या. एक वर्ष अनुभव आणा म्हणता, तो पहिला वर्षभराचा अनुभव तिला देणार कोण? प्रत्येक हॉस्पिटल म्हणतंय दुसरीकडनं शिकून ये. गल्फला जायचं तरी बऱ्याच ठिकाणी आधी अनुभव मागतात, म्हणजे तिकडचीही वाट या पहिल्या नोकरीतूनच जाते.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये बरेच डॉक्टर, मेट्रन मॅडम, एचआरवाले आहेत, तुम्हाला हात जोडून सांगते, फ्रेशर म्हणून फाईल बाजूला ठेवायच्या आधी तिचं केस बुक उघडून बघा. तिला एखादा पेशंट द्या, अर्धा तास काम करताना बघा.

आणि सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागात कुठं जागा असेल तर मला मेसेज करा. जीएनएम आहे, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं आहे, लेबर रूम आवडते, नाईटची तयारी आहे. फक्त कागद जमा करून घेणारे नकोत.