पाऊणपट

आमचे साडूभाऊ शिकागोला मुलाकडे सहा महिने राहून आले, त्याची शिक्षा गेलं वर्षभर आम्ही भोगतोय.

"तळं बघावं तर मिशिगन! समोरचा काठ दिसत नाही. आणि लाटा? धाडधाड! त्यात शरद ऋतू, लालपिवळी पानं..." हे मी त्यांच्या तोंडून श्रीखंडाबरोबर ऐकलंय, बारशाला ऐकलंय आणि एका तेराव्यालाही ऐकलंय. शेवटी चिडून आकडे काढले. ते तळं साधारण 58 हजार चौरस किलोमीटर, आमचा गोवा 3702. म्हणजे पंधरा गोवे बुडवूनही वर बार्देश-तिसवाडीला जागा उरते. आकारात आपण हरलो, हे उघड होतं.

पण लाटांचं तळं आपल्याकडेही आहे! पेडण्यात, हरमलला. एका अंगाला गोड्या पाण्याचं तळं, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मध्ये वाळूची अरुंद पट्टी. साडूभाऊ पुण्याहून म्हापशाला आमच्याकडे उतरले तेव्हा मी आमंत्रण देऊन टाकलं. कोजागिरीचा दिवस होता. बायकोने पहाटेच दूध आटवून थर्मासात भरलं. दुपारी हरमलला मासळीचं जेवण आणि रात्री किनाऱ्यावर चंद्र, असा बेत.

चोपड्याचा पूल ओलांडताना मी भरती-ओहोटीवर बोलायला लागलो. कोकणातल्या आजोबांनी शिकवलेलं एवढं एकच गणित मला येतं. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. समजा, पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. की भरती पावणेचारला!" ताई, म्हणजे बायकोची बहीण, वा म्हणाल्या. मी खूश. आजची तिथी कोणती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

हरमलला शॅकची उभारणी चालू होती. बांबू, निळी ताडपत्री, झावळ्यांचे ढीग. साडूभाऊ पानं शोधत होते. आमच्याकडे ऑक्टोबरात गळतो तो फक्त घाम. डोंगराच्या पायथ्याने, बंद दुकानांसमोरून, खडकांच्या वाटेने दहाला तळ्यावर पोचलो. तळं खरंच सुंदर. हिरवं, गप्प, कडेला झाडी. पाठीमागे समुद्राचा दणदणाट. "छान आहे," साडूभाऊ म्हणाले, "पण लाटा तळ्याच्या नाहीत." मग तिथली पिवळट माती त्यांनी अंगाला फासली, कारण एक परदेशी गृहस्थ फासत होते.

परतायला निघालो तर वाटेवर लाटा फुटत होत्या. खडकावरच बसलेला एक माणूस म्हणाला, "उधाण आसा. मात्शे रावात."

बायकोने थर्मास खाली ठेवला. "आज पौर्णिमा," ती शांतपणे म्हणाली. "पंधरा पाऊणे?"

सव्वाअकरा. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तीही साधी भरती नव्हती. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघे मिळून पाणी ओढतात. डोंगरावरून वाट आहे म्हणतात, पण साडूभाऊंचे गुडघे शिकागोच्या सपाट फुटपाथांवरच वाढलेले.

अडीच तास बसलो. मासळीचं जेवण खडकांपलीकडे, आम्ही अलीकडे. अंगावरची माती वाळून साडूभाऊंना तडे जायला लागले. बोलले की गालाचा एकेक पोपडा पडे, आणि ते बोलतच होते. "तिकडे तळ्याला भरती-ओहोटी जाणवतसुद्धा नाही. बसतं का कोणी अडकून?" या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेबाराला भूक अनावर झाली आणि चंद्राला दाखवायचं केशरी दूध आम्ही भर उन्हात, एकाच झाकणातून, आळीपाळीने प्यायलो. चारोळ्या मात्र तळाशी राहिल्या, त्या साडूभाऊंनी बोटाने काढल्या.

तिन्हीसांजेला गच्चीवर नुसतेच बसलो होतो. दूध संपलेलं. माडांआड अजून अंधारच. मी म्हटलं, "आता येईलच वर."

"किती वाजता?" बायको म्हणाली. "की त्याचीही पाऊणपट करायची?"